वाड्यातला फणस

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पारनाक्याजवळचा, आमच्या शेजारचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेला. वाड्याच्या मागे एक फणस होता, तिथल्या आजींच्या सासऱ्यांनी लावलेला. परवानगीचे कागद वगैरे सगळं रीतसर होतं, त्याबद्दल तक्रार नाही. शनिवारी सकाळी करवतवाले आले आणि दुपारी जेवून खाली उतरलो तर झाड आडवं. ठेकेदाराला विचारलं, लाकडाचं काय करणार? म्हणाला, "काय करायचं, जळाऊ." शेवटी पाचशे रुपये आणि दोन चहा यावर सौदा झाला आणि दीड-दीड फुटाचे दोन ओंडके मला मिळाले. हाताला लागलेला चीक खोबरेल तेलाने दोन दिवस काढत होतो.

मला छोट्या लेथवर लाकूड कातायचा नाद आहे. परदेशातले लोक या कामासाठी चेरीच्या लाकडावर जीव टाकतात. ते कापल्यावर फिकट असतं आणि वर्षागणिक तांबूस होत जातं. आपल्याकडे खरी चेरी नाही (सोसायट्यांमधली 'सिंगापूर चेरी' वेगळी), पण फणस अगदी तसाच वागतो. कापल्या कापल्या हळदीसारखा पिवळा, मग हळूहळू तपकिरी.

तर एवढं सोनं हाताला लागल्यावर मी काय केलं? ओंडके लवकर वाळावेत म्हणून गॅलरीत उन्हात ठेवले! चार दिवसांनी रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज आला. एक ओंडका गाभ्यापासून सालीपर्यंत उभा फाटला होता.

कारण नंतर वाचलं. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत, ते गेलं तर फक्त वजन कमी होतं. दुसरं पेशींच्या भिंतींमध्ये. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की हे दुसरं पाणी निघायला लागतं आणि लाकूड आकसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. हिशेब जुळत नाही, मग ओंडका फाटतो. त्यात कापलेल्या टोकांमधून पाणी बाजूंपेक्षा दहापटीहून जास्त वेगाने उडतं. म्हणून टोकांना लगेच मेण नाहीतर ऑइलपेंट फासायचा, ओंडका गाभ्यातून उभा चिरून दोन भाग करायचे, सावलीत वारा लागेल असे ठेवायचे. आणि थांबायचं. इंचाला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब सांगतात.

हे थांबणं मला नवीन होतं. कल्याणला मात्र ते नवीन नसावं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी 'कल्लियाना' बंदरातून तांबं, कापड आणि ओंडके बाहेर जातात असं लिहून गेलाय. कल्लियाना म्हणजे हेच कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे इंग्रजी भाषांतरात ते ओंडके 'तिळाचे' झालेत. तिळाचं रोप कसंबसं छातीएवढं, त्याचा ओंडका कसला होणार? मूळ ग्रीक शब्द 'सेसमिना'. तो आपला शिसम असणार, असा उलगडा पुढे अभ्यासकांनी केला. दीड हजार वर्षांचा एन्कोडिंगचा घोळ म्हणायचा!

मग १६५७. ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच इथे जहाजं बांधायला सुरुवात झाली. पुढे शहापूर-मुरबाडची सागाची जंगलं, दाराशी खाडी, आणखी काय हवं? १६५९ च्या पोर्तुगीज कागदांमध्ये भिवंडी, कल्याण, पनवेलला ही जहाजं बांधली जात असल्याची काळजी दिसते. रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीजांनी त्याला फितवलं आणि ते सगळे पळून गेले. काम थांबलं नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

आता तो प्रसिद्ध उतारा. आंबा-फणस तोडू नका, असं सांगणारं 'शिवरायांचं पत्र' तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेलच. ते पत्र नाही. तो मजकूर 'आज्ञापत्रा'तला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी तो ग्रंथ १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिला. अमात्य महाराजांच्या हाताखाली तयार झालेले, त्यामुळे विचार तिथूनच आला असं म्हणायला हरकत नाही. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. फॉरवर्डमध्ये तो उतारा 'झाडं वाचवा' एवढ्यावर आणून ठेवतात. मूळ मजकूर आहे आरमाराच्या प्रकरणात, आणि प्रश्न आहे, जहाजाला लाकूड आणायचं कुठून?

उत्तर अगदी व्यवहारी आहे. साग वगैरे रानातला, तो परवानगीने तोडा. कमी पडलं तर बाहेरून विकत आणा. आंबा, फणस कामाचे आहेत, पण हात लावू नका, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. पण एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर? तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याचं समाधान करून तोडा. जबरदस्ती अजिबात नाही. त्याच ग्रंथात गडांच्या प्रकरणात आंबा, फणस, चिंच गडावर मुद्दाम लावून जपायलाही सांगितलंय, वेळप्रसंगी लाकूड हाताशी असावं म्हणून. लाकडासाठी थांबावं लागतं हे माहीत असलेल्या माणसाचं लिखाण आहे हे.

नंतरच्या लोकांना तेवढा दम नव्हता. १ मे १८५४ ला रेल्वे कल्याणला पोचली आणि जंगलांकडे स्लीपरचा साठा म्हणून बघायला लागले. त्याच्या आधीच, १८४७ मध्ये, मुंबई इलाख्याला अलेक्झांडर गिब्सन हा पहिला वनसंरक्षक नेमावा लागला होता. आंबा आणि फणस पुन्हा कायद्यात आले ते महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत. पण तो कायदा तोडण्यापुरता. तोडल्यावर लाकडाचं काय, याचं उत्तर आमच्या ठेकेदाराने दिलंच होतं.

आणि ज्यांच्या भाषेत याचं उत्तर होतं ते कातारी आता शोधावे लागतात. कातारी म्हणजे लाकूड कातणारा. वाड्यांचे कातीव खांब, पाळणे, लाटणी, भोवरे ही सगळी त्यांची कामं. सावंतवाडीची लाकडी फळं पूर्वी पांगाऱ्याची व्हायची.

असो. दुसरा ओंडका मी नीट ठेवला. गाभ्यातून चिरला, टोकांना ऑइलपेंट, त्यावर खडूने तारीख. अर्ध्या भागाचा वाडगा ओला असतानाच जाडसर कातला आणि त्याच्याच भुश्यात पिशवीत ठेवला. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, एक्सेलमध्ये नोंद. फेब्रुवारीत वजन स्थिर झालं आणि जूनमध्ये, पाऊस आल्यावर, चक्क ऐंशी ग्रॅमने वाढलं!

आज्ञापत्र वाचताना मात्र एक गोष्ट लागली. पैसे मी ठेकेदाराला दिले होते. झाडाच्या मालकीणबाईंना कुणी काही विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. आजी आता डोंबिवलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये असतात. गेल्या रविवारी गेलो, उरलेला तुकडा पिशवीत घालून. त्यांनी तो हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "पिवळाच आहे की रे अजून आतून." पैशांचा विषय काढला तर रागावल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "ताकाची रवी होईल का यातून? आमची सामान हलवताना हरवली."

होईल. दांडा वीतभर जास्त लांब हवाय, मोरीच्या ओट्यावर उभं राहून घुसळायला. माप घेऊन आलोय. तुकडा जाड नाही, दिवाळीपर्यंत वाळेल.