यंत्र परत मागवणे म्हणजे काय?

मराठी माणसाला झाशी आठवते ती राणी लक्ष्मीबाईंमुळे. ओरछा दरवाजा, दतिया दरवाजा ही तिथल्या तटबंदीतील नावेही आपल्या कानांवरून गेलेली असतात. त्याच शहरातील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात शिशू कक्षाला १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री आग लागली आणि दहा बालके त्या रात्रीच दगावली. प्राथमिक चौकशीत कारण सांगितले गेले ते शॉर्टसर्किटचे. महाराष्ट्राने हेच दुःख ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याला पाहिले होते. तिथेही दहा बालके गेली.

अशा घटनांनंतर चौकशी समिती नेमली जाते. पण रुग्णालयातील यंत्राचा दोष अपघातापूर्वी कळावा आणि एका ठिकाणी कळलेला दोष तशा प्रत्येक यंत्रापर्यंत पोचावा, यासाठी आपल्याकडे काय व्यवस्था होती? याचे उत्तर शोधताना झाशीहून नवी मुंबईत, खारघरला यावे लागते.

८ नोव्हेंबर २०१४ रोजी खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत एमआरआय कक्षात ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर नेला गेला. चुंबकाने तो खेचून घेतला आणि दोन कर्मचारी यंत्र व सिलिंडर यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून राहिले.

सामान्य माणूस विचारेल, वीज का बंद केली नाही? तर एमआरआयचे चुंबक अतिवाहक असते. द्रवरूप हीलियममध्ये थंड ठेवलेल्या त्याच्या वेटोळ्यांतून प्रवाह फिरतच राहतो. इमारतीची वीज गेली तरी चुंबकत्व जात नाही. ते घालविण्यासाठी आणीबाणीचे वेगळे बटण असते. ते दाबले की हीलियम उकळून बाहेर जातो व साधारण दोन मिनिटांत चुंबकत्व संपते. मात्र त्यासाठी बटणाची यंत्रणा चुंबकाला जोडलेली असावी लागते.

या अपघातानंतर दोन-तीन महिन्यांतच, २०१५ च्या आरंभी, जीई हेल्थकेअर या कंपनीने जगभरातील सुमारे १३ हजार एमआरआय यंत्रांसाठी ‘रिकॉल’ जाहीर केला. कारण हेच होते की, ही यंत्रणा काही ठिकाणी जोडलेली नसण्याची शक्यता होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या रिकॉलला पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर, वर्गात ठेवले.

इथे ‘परत मागवणे’ या शब्दाने फसू नये. औषधाच्या बाटल्या दुकानातून उचलता येतात. कित्येक टनांचे यंत्र कोण उचलणार? अशा वेळी यंत्र जागेवरच राहते आणि दुरुस्ती त्याच्याकडे जाते. ती जाण्यासाठी यंत्र नेमके कुठे आहे याची नोंद लागते. जुनी यंत्रे हस्तांतरित होतात, मूळ खरेदीदाराच्या नावे आलेले पत्र तिथेच फाईलला लागते आणि यंत्र भलत्याच गावी रुग्ण तपासत असते.

आपला कायदा त्या वेळी कुठे होता? २००५ साली स्टेंटसारखी मोजकी उपकरणे औषध कायद्याखाली आली होती. एमआरआय त्यांत नव्हते. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण क्ष-किरण व सीटी स्कॅन यंत्रांवर होते, कारण त्यांतून किरणोत्सर्ग होतो. एमआरआयमधून तसा तो होत नसल्याने तेही क्षेत्र सुटले. ६ जुलै २०१५ रोजी उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले.

त्याच महिन्याच्या २७ तारखेला मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआय कक्षात सिलिंडर घेऊन गेलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. खारघरच्या घटनेला तेव्हा जेमतेम सव्वातीन वर्षे झाली होती. फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेने एमआरआय, सीटी स्कॅन व क्ष-किरण यंत्रे नियमनाखाली आणली गेली आणि पुढे २०२० मध्ये सर्वच वैद्यकीय उपकरणे ‘औषध’ या व्याख्येत आली.

म्हणजे कायद्याची उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. पण नायरची घटना सांगते की रिकॉलने यंत्र सुधारते, दरवाजावरची शिस्त सुधारत नाही. ते काम रुग्णालयाच्या प्रशासनाचे आहे. आपल्या डेड स्टॉक रजिस्टरात यंत्राची किंमत व खरेदीची तारीख काळजीपूर्वक लिहिली जाते, कारण लेखापरीक्षक तेच विचारतो. त्याच ओळीत मॉडेल, अनुक्रमांक, सध्याची जागा, उत्पादकाकडून आलेली शेवटची सूचना आणि आणीबाणीचे बटण तपासल्याची तारीख का नसावी? याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. झाशी असो की भंडारा, जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाला एका कार्यालयीन आदेशाने हे उद्या करता येईल. आपण जिथे राहता तिथल्या रुग्णालयात हा प्रश्न नागरिक म्हणून आपणही विचारू शकता.