वेसकराच्या काठीपासून मोहल्ला समितीपर्यंत



मागे आपल्या विहाराच्या सभागृहात एक बैठक झाली, ती पुष्कळांना आठवत असेल. वस्तीत चोऱ्या वाढल्या होत्या. कुणाची सायकल गेली, कुणाच्या नळाची तोटी गेली, कुणाचा मोबाईल खिडकीतून गेला. कोपऱ्यावर रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या टोळक्यामुळे क्लासवरून परतणाऱ्या मुलींना भीती वाटू लागली होती. पोलीस ठाण्याच्या साहेबांना विहारात बोलवावं, रहिवाशांची समिती करावी, तरुणांनी आळीपाळीने गस्त घालावी, असा विचार निघाला. तरुण मंडळी लगेच तयार झाली. परंतु पुढच्या रांगेत बसलेल्या एका वयोवृद्ध आजींनी तोंड फिरवलं. राखणीचं काम आपण गावात टाकून आलो, आता इथे पुन्हा कशाला, असं त्या म्हणाल्या. तरुणांना त्याचा अर्थ लागला नाही. म्हाताऱ्या मंडळींना तो बरोबर कळला. त्या दिवशी निर्णय झाला नाही.

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा आम्ही म्हणूनच हा विषय घेतला.

आजींच्या बोलण्यात इतिहास होता. गावगाड्यात आपल्या वाडवडिलांकडे जी कामं होती, त्यांतलं मोठं काम राखणीचं. गावाच्या वेशीवर रात्रभर जागायचं, म्हणून वेसकर. परगावचा माणूस गावात आला की पाटलाला वर्दी द्यायची. सरकारी टपाल आणि वसुलीची रक्कम पुढच्या गावी पोचवायची. शिवेचा तंटा निघाला की शीव कुठून कुठे जाते ते दाखवायचं, आणि त्यात मात्र महाराची साक्ष सगळ्यांत मोठी मानली जायची. ज्याची सावली चालत नव्हती त्याचा शब्द शिवेच्या बाबतीत चालत होता! पुष्कळ भागांत रामोशी, भिल्ल आणि कोळी हे जागले म्हणून राखण करीत.

चोरी झाली तर काय व्हायचं, हे ऐकण्यासारखं आहे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली या मुलखाचा जो अहवाल दिला, त्यात ही पद्धत आली आहे. राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढत जायचं. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की तो तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा, मग त्याने पुढे न्यायचा. ज्या शिवेत माग हरवला त्या गावावर भरपाई. म्हणजे आज ज्याला लोक आणि पोलीस यांचं सहकार्य म्हणतात, ते आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी होतं, असं कुणी अभिमानाने सांगेल. सांगू दे. पण त्या व्यवस्थेत राखणदाराला विचारत कोण होतं? जबाबदारी सगळी त्याची, अधिकार सगळा पाटलाचा. माग सापडला नाही तर पहिला संशयही त्याच्यावरच. आणि मोबदला काय, तर खळ्यावरचं बलुतं आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकरी.

इंग्रजांनी यात फारसं काही बदललं नाही. १८६७ साली मुंबई इलाख्यात ग्राम पोलीस कायदा आला, त्याने पाटलाला गावच्या पोलिसांचा प्रमुख केलं. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी पिढीजात म्हणून पक्की झाली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याच कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. महार वतनदाराच्या कामाला वेळेची मर्यादा नाही, तो नसेल तर घरातल्या माणसाने जायचं, आणि सरकारी काम करूनही पोट मात्र रयतेच्या मर्जीवर, हे त्यांनी सभागृहासमोर ठेवलं. विरोध एवढा झाला की १९२९ साली विधेयक मागे घ्यावं लागलं. पुढे १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करण्याचा कायदा झाला आणि १९५९ पासून तो अमलात आला. तोवर १९५६ ची धम्मक्रांती होऊन गेली होती आणि गावोगावच्या आपल्या माणसांनी ही कामं स्वतःहून झुगारायला सुरुवात केली होती. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ले. आजी म्हणतात ते हे. १९६७ च्या कायद्यानंतर पोलीस पाटील हा वंशपरंपरेने न येता नेमला जाऊ लागला. आज कित्येक गावांत तो आपल्या समाजातला आहे, काही ठिकाणी महिला आहे. पण आजींनी गाव सोडलं ते त्याआधी.

शहरात आल्यावर पोलिसांशी आपला संबंध कसा आला, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९७४ साली वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल झाली. त्याच चाळींत पोलिसांची कुटुंबंही राहत होती, एकाच नळावर पाणी भरत होती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. असं घडल्यावर लोकांनी पोलिसाला पाहून दार लावून घेतलं तर त्यांना दोष कसा द्यायचा?

परंतु दार लावून घेतलं की काय होतं, त्याचाही इतिहास आहे. नागपूरच्या कस्तुरबा नगरात बहुसंख्य वस्ती आपल्याच समाजाची. अक्कू यादव नावाच्या गुंडाने तिथे वर्षानुवर्षं लोकांना लुटलं, बायांवर अत्याचार केले. तक्रार दिली की ती त्याच्यापर्यंत पोचते, असं तिथल्या रहिवाशांचं म्हणणं होतं. १३ ऑगस्ट २००४ रोजी वस्तीतल्या बायांच्या जमावाने त्याला न्यायालयाच्या आवारात, भर दुपारी ठार केलं. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला मात्र त्या घटनेत विजय दिसत नाही. पोलीस ठाण्यात एका बाईची फिर्याद वेळेवर नोंदली गेली असती तर इतक्या घरांना दहा वर्षं खटला भोगावा लागला नसता.

याच्या उलट प्रकार १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला घडला. मुलं पळवणारी टोळी फिरते अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावात आले, आणि गावकऱ्यांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. मारणाऱ्यांना वाटत होतं की आपण गावाची राखणच करतो आहोत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. १९५२ साली तो रद्द झाला. कागदावरचा शिक्का गेला, डोळ्यांतला नाही. आपल्याही वस्तीत भांडी विकणारी पारध्याची बाई आली की कुजबुज होते, हे आम्ही पाहिलं आहे. ज्यांनी स्वतः तो संशय पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांनी तरी गस्तीची काठी हातात घेताना थांबून विचार करायला हवा.

मग मार्ग कोणता? आम्हाला भिवंडीचं उदाहरण सर्वांत मोलाचं वाटतं, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली, कोकणी मुसलमान, मराठी माणसं अशी दाट आणि मिसळलेली वस्ती. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे मोठी दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. १९८४ साली पुन्हा दंगल. भिवंडीचं नाव काढलं की लोक दंगलच समजत.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. शांतता समित्या तोवर होत्याच. त्यांत कोण असे? पुढारी, नगरसेवक, शेठलोक. सण आला की बैठक, चहा, फोटो, मग पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाचं तोंड पाहत नसे. खोपडे यांनी ही पद्धत मोडली. मोहल्ल्यामोहल्ल्याची वेगळी समिती केली. अशा सुमारे ७० समित्या उभ्या राहिल्या. त्यांत माग चालवणारा, पानपट्टीवाला, मास्तर, घरकाम करणारी बाई अशी साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची. त्या भागाच्या पोलीस कर्मचाऱ्यावर बैठकीची जबाबदारी टाकली. एरवी जो शिपाई फक्त बंदोबस्ताला उभा राहायचा, त्याला लोकांची नावं पाठ झाली.

बैठकीत बोलायचं काय, तर दंगलीवर भाषणं नव्हेत. गटार तुंबली, नळावर भांडण झालं, नवरा दारू पिऊन मारतो, अमक्या गल्लीत जुगाराचा अड्डा चालतो, असले विषय. मोठ्या आगीची ठिणगी नेहमी अशा किरकोळ भांडणातूनच पडते, हे ओळखण्यात त्या प्रयोगाची खरी हुशारी होती. भांडण छोटं असतानाच मिटवायचं, आणि ते दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसमक्ष मिटवायचं.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत ९०० माणसं गेल्याचं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. तिथून पन्नास किलोमीटरच्या आतली, दंगलीसाठीच कुप्रसिद्ध असलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती, त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते, पण समित्या जाग्या होत्या. अफवा आली की समितीचा माणूस पोलिसाला विचारी आणि पोलीस त्याला विचारी. एवढंच. पुढे मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मोहल्ला समित्यांचं काम उभं केलं. पोलीस आणि वस्तीतली पोरं एकत्र क्रिकेट खेळू लागली.

परंतु भिवंडीची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धवट होईल. ५ जुलै २००६ रोजी त्याच भिवंडीत, कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्याच्या वादातून जमाव जमला, गोळीबारात दोन रहिवासी मेले आणि त्याच दिवशी दोन पोलीस शिपायांची जमावाने हत्या केली. ज्या गावात पोलीस आणि लोक एका सतरंजीवर बसले होते, तिथेच हे झालं. आमची समजूत अशी, की समिती ही विहीर उपसण्यासारखी आहे. दरवर्षी गाळ काढला नाही तर पाणी आटतं. साहेबाची बदली झाली, नव्या साहेबाला आवड नाही, बैठक महिन्यावरून सहा महिन्यांवर गेली, की ते पुन्हा चहा आणि फोटोवर येतं. २००७ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली. तिच्यातही पुष्कळ गावांत चांगलं काम झालं आणि पुष्कळ गावांत बक्षिसापुरता फलक लागला.

गुन्हेगारीवर तथागतांचं म्हणणं काय, असं बैठकीत एका मुलीने विचारलं होतं. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात एका राजाची गोष्ट येते. राज्यात लूटमार माजलेली असते. पुरोहित राजाला सांगतो की शिक्षा देऊन, हाकलून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणं द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पगार द्या. कोपऱ्यावर बसणाऱ्या त्या टोळक्यातले तीन मुलगे दहावी नापास होऊन घरी बसलेले आहेत, आणि त्यांतल्या एकाचे वडील आपल्याच विहाराचे सभासद आहेत. हे त्या दिवशी कुणी बोललं नाही, सगळ्यांना माहीत होतं तरी.

असो. दुसरी बैठक झाली. त्यात समिती करायचं ठरलं, पण काही गोष्टी आधी लिहून घेतल्या. बैठकीला साहेब एकटे येऊन चालणार नाही, आपल्या बीटचा हवालदार आला पाहिजे. समितीत निम्म्या महिला असतील. मागच्या बैठकीत दिलेल्या तक्रारीचं काय झालं, हे पुढच्या बैठकीत पोलिसांनी आधी सांगायचं, मग नवीन विषय. कुणाची फिर्याद घेतली नाही तर समितीचे दोघे जण त्याच्याबरोबर ठाण्यात जातील. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे, आणि त्या खबरीची नक्कल फुकट मिळते. हे प्रत्येक घरात माहीत असू द्या. फेरीवाल्यांची किंवा भटक्या लोकांची नावं संशयित म्हणून द्यायची नाहीत, हा मुद्दा वादावादीनंतर मंजूर झाला. गस्तीचं मात्र अजून ठरायचं आहे. काठी न घेता, फक्त शिट्टी आणि बॅटरी घेऊन फिरावं असं काहींचं म्हणणं आहे, तर राखण हे पोलिसांचं पगारी काम आहे, ते त्यांनीच करावं, आपण फक्त माहिती द्यावी, असं आजींचं. आमचा कल आजींकडे आहे.

समितीची वही विहाराच्या कपाटात, वंदना पुस्तकांच्या शेजारी ठेवली आहे. ज्यांना तक्रार लिहायची असेल त्यांनी कपाटाची किल्ली चिटणीसांकडून घ्यावी, आणि लिहून झाल्यावर तारीख टाकायला विसरू नये.