उंदीर, पिसू आणि ग्रंथिक सन्निपात

पुण्यातील १८९७ च्या प्लेगचा विषय निघाला की रँड, घरझडत्या आणि २२ जूनची रात्र यांवरच बोलणे होते. ते योग्यही आहे. परंतु झडत्या घेणारे शोधीत काय होते आणि त्यांनी शोधावयास काय हवे होते, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. त्याचा जंतू येर्सिनने १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधून काढला होता. चोर ठाऊक झाला होता, पण तो घरात शिरतो कोणत्या वाटेने, हे कळले नव्हते. म्हणून सारा संशय माणसावर आला. सोजीर माजघरापर्यंत गेले, माणसे छावण्यांत नेली, चीजवस्तू जाळली.

खेड्यांतील लोक मात्र घरात उंदीर पडू लागले की रानात झोपड्या घालून राहत. त्यांना जंतू माहीत नव्हता, पण खूण बरोबर ओळखली होती.

त्या खुणेचा अर्थ सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत लावला. २ जून १८९८ रोजी त्याने पिसवांनी भरलेला आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला. तो मरू घातला, तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यातून एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होत नव्हता. पिसवांना मात्र उडी घेता येत होती. काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला. उंदराचे कलेवर थंड पडले की पिसू ते सोडते आणि दुसरे ऊबदार अंग शोधते. तेच अंग पुष्कळदा माणसाचे असते.

विद्वानांनी हे सहजी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत लिस्टन व प्लेग कमिशन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. पिसवांपासून राखलेले वाचले. उघडे ठेवलेले मेले. मग वाद मिटला.

फुप्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाकडे जातो. तेथे रोग्यास वेगळे ठेवणे अवश्यच. परंतु गाठीच्या प्लेगात रोगी बाहेर काढला, तरी पिसू घरातच राहत होती. १९९४ मध्ये बीड व सुरत येथे हा रोग पुन्हा दिसला, तेव्हा हाती प्रतिजैविके होती. आमच्या आजोबा-पणजोबांच्या हाती काहीच नव्हते. त्यांच्या वाट्यास अपमान प्रथम आला. ज्ञान मागाहून आले. साथ आली असता हा क्रम पुन्हा उलटा होऊ न देणे, एवढे तरी या इतिहासापासून आपण शिकावे.