रागा-जॅझ स्टाईल

रागा-जॅझ स्टाईल ही शंकर–जयकिशन या संगीतकार जोडीची १९६८ साली प्रकाशित झालेली वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका आहे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती एचएमव्ही या नाममुद्रेखाली काढली. हिंदुस्तानी संगीतातील अकरा राग तिच्यात सतार, बासरी, तबला आणि जॅझ वाद्यवृंद यांच्या साहाय्याने मांडले आहेत. राग आणि जॅझ यांचा मेळ घालणाऱ्या व भारतातच तयार झालेल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिची गणना होते. सतारवादक उस्ताद रईस खाँ हे तिचे प्रमुख वादक. बासरीवादक सुमन राज यांचे नाव त्या मानाने फारसे परिचित नाही. मात्र राग व जॅझ या दोन संगीतपद्धतींना जोडणारे वाद्य म्हणून त्यांच्या बासरीचे या ध्वनिमुद्रिकेतील स्थान महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत जॅझ संगीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजले. १९३५ साली अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईतील ताजमहाल हॉटेलात वादनासाठी आला. त्यानंतर कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही तेथे वादन केले. त्यांच्या सहवासात गोव्यातील वादकांची एक पिढी तयार झाली. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलेखन लहानपणीच शिकवले जात असल्यामुळे हे वादक लिहिलेले संगीत सहज वाचू शकत. ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर व्हाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांपैकी विशेष गाजलेले नाव होय.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांतील संगीताला ओहोटी लागली. जॅझ वादकांना हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात नियमित काम मिळू लागले. तेथे त्यांची गाठ हिंदुस्तानी परंपरेतील सतार, सारंगी, बासरी आणि तबला वाजवणाऱ्या कलावंतांशी पडली. एका बाजूचे वादक कागदावरील स्वरलिपी पाहून वाजवत, तर दुसऱ्या बाजूचे ऐकून व स्मरणातून. या दोहोंमधला दुवा वाद्यसंयोजक सांभाळत असे. शंकर–जयकिशन यांच्याकडे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा यांनी हे काम दीर्घकाळ केले. गोव्याचेच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारित रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करवल्या होत्या. त्या कार्यक्रमात लता मंगेशकर व मन्ना डे गायले होते.

‘बरसात’ (१९४९) या चित्रपटापासून लोकप्रिय झालेल्या शंकर–जयकिशन यांना मोठा वाद्यवृंद आणि रागाधारित चाली या दोन्हींचा सराव होता. ‘बसंत बहार’ (१९५६) या चित्रपटासाठी त्यांनी पंडित पन्नालाल घोष यांच्या बासरीचा उपयोग केला होता. रागा-जॅझ स्टाईलमध्ये शब्द, गायक व चित्रपटकथा या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून त्यांनी वाद्यांनाच अग्रस्थान दिले.

वादक

सतार – उस्ताद रईस खाँ
बासरी – सुमन राज
सॅक्सोफोन – मनोहारी सिंग
ट्रम्पेट – जॉन परेरा
पियानो – लुसिला पाशेको
गिटार – अनिबाल कॅस्ट्रो, दिलीप नाईक
बास – एडी ट्रॅव्हास
ड्रम्स – लेस्ली गुदिन्हो
तबला – रमाकांत म्हापसेकर

यांतील बहुतेक वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात दररोज काम करणारे होते. मूळचे कोलकात्याचे मनोहारी सिंग (१९३१–२०१०) हे सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध असले, तरी धातूची पाश्चात्त्य बासरीही ते वाजवीत. रईस खाँ (१९३९–२०१७) यांचा जन्म इंदूरचा. पुढे ते पाकिस्तानात स्थायिक झाले.

समाविष्ट राग

ध्वनिमुद्रिकेत तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी हे अकरा राग आहेत. आरंभीचे तोडी व भैरव हे सकाळचे राग आहेत. शेवट भैरवीने होतो. मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा संकेत येथेही पाळलेला दिसतो. एका एलपीत अकरा राग बसवल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. त्यामुळे आलाप, जोड, विलंबित व द्रुत असा विस्तार येथे अपेक्षित नाही. रागाची ओळखीची स्वरवाक्ये, त्यांवर बांधलेली धून आणि तिच्या अनुषंगाने केलेला स्वरविहार असे या रचनांचे स्वरूप आहे.

राग आणि जॅझ यांतील मूळ अडचण

रागसंगीतात षड्ज अचल असतो. तंबोऱ्याच्या अखंड नादावर एकेक स्वर आपले स्थान घेतो आणि रागाचे चलन त्याला अर्थ देते. पारंपरिक जॅझमध्ये मात्र एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचे गट, म्हणजे कॉर्ड, ठरावीक क्रमाने बदलत जातात आणि वादक त्या बदलांच्या आधारे उत्स्फूर्त रचना करतो. रागात वर्ज्य असलेला स्वर कॉर्डमध्ये आला, तर रागहानी होते. कॉर्ड बदललेच नाहीत, तर जॅझ वादकाचा नेहमीचा आधार जातो. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या ध्वनिमुद्रिकेनंतर जॅझमध्ये एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ विहार करण्याची पद्धत रुजली आणि त्यामुळे रागसंगीताशी संवाद पुष्कळसा सोपा झाला.

निवडलेल्या रागांपैकी काहींची स्वररचना या संवादाला मुळातच अनुकूल आहे.

कलावती: षड्ज, शुद्ध गंधार, पंचम, शुद्ध धैवत व कोमल निषाद असे या रागाचे पाच स्वर आहेत. त्यांतील धैवत वगळल्यास उरणारे चार स्वर म्हणजे जॅझ आणि ब्लूज यांत सतत वापरला जाणारा ‘डॉमिनंट सेव्हन्थ’ हा कॉर्ड होय.

शिवरंजनी: षड्ज, कोमल गंधार, पंचम व शुद्ध धैवत हे स्वर एकत्र वाजवले की ‘मायनर सिक्स्थ’ हा कॉर्ड तयार होतो. शंकर–जयकिशन यांचा हा आवडता राग होता. ‘सूरज’ (१९६६) चित्रपटातील ‘बहारों फूल बरसाओ’ हे गीत त्याचे परिचित उदाहरण आहे.

मालकंस: या रागात ऋषभ व पंचम वर्ज्य असून गंधार, धैवत व निषाद कोमल आहेत. मालकंसाचा मध्यम हा षड्ज मानल्यास तेच पाच स्वर धानी रागाचे होतात. ब्लूज वादकांच्या नित्य वापरातील ‘मायनर पेंटॅटॉनिक’ हे स्वरसप्तकही तेच आहे.

जयजयवंती: या रागात दोन्ही गंधार व दोन्ही निषाद लागतात. एकाच स्वराची कोमल व शुद्ध रूपे जवळजवळ आणण्याची प्रथा ब्लूजमध्येही असल्यामुळे जॅझच्या श्रोत्याला हा राग परका वाटत नाही.

तोडी व भैरव यांची स्थिती वेगळी आहे. तोडीतील गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहून किंचित उतरलेला असतो, तर भैरवातील ऋषभ व धैवत आंदोलित असतात. पियानोच्या पट्ट्यांचे स्वर स्थिर असल्यामुळे त्यावर हे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत. या रागांत रागाचे रूप राखण्याचा भार सतार आणि बासरी यांच्यावर पडतो.

बासरीचे स्थान

हिंदुस्तानी बासरी बांबूची असून तिची छिद्रे बोटांनी थेट झाकली जातात. छिद्र अर्धे झाकून किंवा बोट हळूहळू सरकवून दोन स्वरांमधील अंतर अखंडपणे जोडता येते. मींड, कण व आंदोलन यांतूनच निर्माण होते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, खर्जातील बासरी प्रचारात आणून या वाद्याला ख्यालाच्या विस्ताराची क्षमता दिली. पाश्चात्त्य बासरीवर थिओबाल्ड बोम यांनी १८४७ मध्ये सिद्ध केलेली चाव्यांची रचना असते. तिच्यामुळे सप्तकातील बाराही स्वर समान सुलभतेने वाजतात. पण बांबूच्या बासरीवरील मींड तिच्यावर तितक्या सहजपणे घेता येत नाही.

जॅझमध्ये बासरी उशिरा आली. ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांच्या आवाजापुढे ती ऐकू येत नसे. १९३० च्या दशकात वेमन कार्व्हर यांनी बेनी कार्टर आणि चिक वेब यांच्या वाद्यवृंदांतून तिला एकल वादनाचे स्थान दिले. १९५० च्या दशकात काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील फ्रँक वेस यांच्यामुळे ते स्थान स्थिरावले. ध्वनिग्राहकाचे तंत्र सुधारत गेले, तसतसा या कोमल आवाजाच्या वाद्याला वाव मिळाला.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणात बासरीला दोन्हीकडची नाती आहेत. श्वासावर चालणारे वाद्य म्हणून ती सॅक्सोफोन व ट्रम्पेट यांच्या कुळातील, तर स्वरलगावाच्या दृष्टीने ती सतारीच्या बाजूची. सतारीचा स्वर छेडताच क्षीण होऊ लागतो. बासरीचा स्वर दम असेपर्यंत टिकतो. सुमन राज यांच्या वादनाचे मोल या दुहेरी नात्यात आहे.

आस्वादाच्या दृष्टीने

एका ऐकण्यात या ध्वनिमुद्रिकेत सतार व सॅक्सोफोन यांकडेच लक्ष जाते. बासरीसाठी ती पुन्हा ऐकावी लागते. पुढील बाबी ध्यानात ठेवल्यास अभ्यासकाला उपयोग होतो.

स्वराचा आरंभ: सॅक्सोफोनमध्ये पत्ती कंप पावत असल्यामुळे स्वराला धार असते. बासरीत फुंकेचा हलका झोत आधी जाणवतो व त्यातून स्वर उमटतो.

दोन स्वरांमधील वाट: पियानो एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी घेतो. रागाचे वाद्य ती वाट दाखवते. एकच स्वरवाक्य वेगवेगळ्या वाद्यांकडे गेल्यावर त्याचे रूप कसे पालटते, हे तुलनेने ऐकावे.

लय: तबल्याचा ठेका आवर्तनाने समेकडे येतो. जॅझच्या ‘स्विंग’ लयीत मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब व दुसरा आखूड असतो. ड्रम्स आणि तबला एकत्र वाजत असताना धून कोणत्या लयीला धरून चालते, याकडे लक्ष द्यावे.

वर्ज्य स्वर: बैरागीत गंधार व धैवत नाहीत. पियानो व गिटार हे वर्ज्य स्वर टाळून साथ करतात की धुनीच्या सोयीसाठी ते घेतात, हे रागज्ञान असलेल्या श्रोत्याला सहज पारखता येते.

समकालीन ध्वनिमुद्रिका

१९६० च्या दशकात राग व जॅझ यांच्या मेळाचे प्रयोग अनेक देशांत झाले आणि त्यांतील महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांत बासरी आढळते. पंडित रविशंकर यांच्या ‘इम्प्रोव्हायझेशन्स’ (१९६२) या ध्वनिमुद्रिकेत अमेरिकन वादक बड शँक यांनी बासरी वाजवली. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या ‘इंडो-जॅझ सूट’मध्ये (१९६६) ख्रिस टेलर यांची बासरी असून तबल्यावर मुंबईहून इंग्लंडला गेलेले केशव साठे आहेत. साठे यांनी पुढे ‘जॅझ मीट्स इंडिया’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेतही साथ केली. अमेरिकन बासरीवादक पॉल हॉर्न यांनी भारतात येऊन रविशंकर यांच्या शिष्यांसह ध्वनिमुद्रण केले आणि १९६८ मध्ये आग्र्याच्या ताजमहालात एकट्या बासरीचे ध्वनिमुद्रण केले.

या बासरीवादकांपैकी शँक व हॉर्न यांची नावे जॅझच्या इतिहासात सर्वत्र आढळतात. त्याच काळात मुंबईत तेच काम करणाऱ्या सुमन राज यांचे नाव क्वचितच घेतले जाते. शँक आणि हॉर्न जॅझकडून रागाकडे आले होते. मुंबईतील वादकांना मात्र ही दोन्ही संगीते चित्रपटांच्या कामात रोजच शेजारी शेजारी वाजवावी लागत होती.

महत्त्व

हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर चित्रपट, गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे असत. वादकांची नावे सहसा नसत. शेकडो गीतांतील सुरावटी ज्यांनी वाजवल्या, ते कलावंत त्यामुळे श्रोत्यांना अनोळखी राहिले. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकांनी अशा वादकांचा इतिहास पुढे आणला. त्याच्या कितीतरी आधी रागा-जॅझ स्टाईलमध्ये वादक प्रत्येकाच्या नावानिशी श्रोत्यांसमोर आले होते.

रागविस्ताराच्या कसोटीवर ही ध्वनिमुद्रिका संक्षिप्त ठरते आणि शुद्ध जॅझच्या कसोटीवर ती बरीचशी आधी बांधलेली वाटते. मात्र दोन वेगळ्या पद्धतींत शिकलेल्या मुंबईकर वादकांनी समान पातळीवर केलेले एकत्र वादन म्हणून तिचे मूल्य टिकून आहे. मूळ एलपीनंतर ती सीडी व डिजिटल स्वरूपातही उपलब्ध झाली असून त्यामुळे सुमन राज यांच्यासारख्या वादकाचे काम नावासह ऐकण्याची सोय नव्या श्रोत्यांना झाली आहे.