कोरसच्या बटणामागची माणसं

वीस व्हायोलिनं एकच ओळ वाजवतात, तेव्हा ती तंतोतंत एक कधीच होत नाही. कुणाचा गज केसभर उशिरा सुटतो, कुणाचं बोट तारेवर किंचित वर पडतं. मुंबईच्या स्टुडिओंत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, पुढे अनिल मोहिले वादकांच्या रांगा बसवत. गाण्याला येणारा भरगच्चपणा या बारीक कणसूरपणातूनच यायचा. सिंथेसायझरवरच्या ‘कोरस’ बटणाचं मूळ मी तिथेच मानतो.

यंत्राने ही गोष्ट आधी टेपवर साधली. 1966 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंडने एकाच आवाजाची दुसरी प्रत वेगळ्या टेपमशीनवरून, वेग हलवत, मूळ आवाजात मिसळली. बीटल्सना तेच पुन्हा गायला लागू नये म्हणून. फ्लँजर हा इफेक्टही याच घराण्यातला, फक्त उशीर अगदी थोडा. प्रत 1 मिलिसेकंद मागे राहिली, की 500, 1500, 2500 हर्ट्झ पुसले जातात. उशीर बदलत ठेवला की ही भोकं वरखाली सरकतात, आणि सूर पिळवटल्यासारखा होतो.

टेपचं धूड पेटीत मावलं ते फिलिप्सच्या सँगस्टर आणि टीर यांच्या 1969 मधल्या सर्किटमुळे. आग विझवायला माणसं रांगेत बादल्या पुढे देतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरकडून पुढच्याकडे जातो, आणि या वाटेत आवाजाला हवा तो उशीर मिळतो. त्यावरच 1976 चं बॉसचं सीई-1 कोरस पेडल उभं राहिलं.

1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले, ते रोलँडच्या ज्युपिटर-8 वर. त्यात कोरस नाही. एका सुरामागे दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी सर्किटं; ती सुरात जराशी विलग केली की झालं. त्याच वर्षीच्या जुनो-60 मध्ये सुरामागे एकच ऑसिलेटर, तोही डिजिटल घड्याळावर चालणारा, कमालीचा स्थिर. म्हणून कोरस लागला. बटण दाबा: सपाट सूर डावीउजवीकडे पसरतो आणि मागे हलकी खरखर ऐकू येते.

पुढे बोरिवली-मुलुंडच्या ऑर्केस्ट्रांत एकाच की-बोर्डवर ‘स्ट्रिंग्ज’ वाजू लागली. वादकांची रांग गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच घरच्या कॉम्प्युटरवर कोरस लावणाऱ्यांना एक सांगणं: इफेक्टची खोली (डेप्थ) कमी ठेवा, गती संथ ठेवा, आणि बेसला हात लावू नका. खालचे सूर पातळ झाले, तर वर कितीही व्हायोलिनं रचली तरी गाणं उभं राहत नाही.