फँटम रचना

* अमेरिकन स्क्वेअर डान्समध्ये नर्तक आठच; पण ‘चॅलेंज’ या अवघड पातळीवर कॉलर, म्हणजे चाली पुकारणारा, त्यांना 12 किंवा 16 जागांच्या रचनेतही नाचवतो. रिकाम्या जागी अदृश्य नर्तक, म्हणजे ‘फँटम’, उभे आहेत असे धरून चालायचे. ‘ट्रिपल बॉक्स’मध्ये चार-चार जागांचे तीन चौकोन असतात, त्यांत 8 खरे, 4 फँटम. ‘ट्रेड’, म्हणजे जोडीदाराशी जागेची अदलाबदल, पुकारला आणि जोडीला फँटम असला, तर नर्तक एकटाच अर्धवर्तुळ घेऊन त्या मोकळ्या जागी उलट तोंडाने उभा राहतो. त्याची जागा आता फँटमची. या नृत्यातला सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत सुंदर भाग हाच. एकजण जरी फँटमची जागा विसरला, तरी अख्खा चौक मोडतो.