धम्मप्रवास आणि सुट्ट्या : नियोजन कसे करावे?

भारतात धर्म अनेक, म्हणून सुट्ट्याही अनेक. पण आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या दिवसाला सुट्टी असतेच असे नाही. दीक्षाभूमी किंवा चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावे.

कोणत्या दिवशी सुट्टी?
14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि दसरा या महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्ट्या आहेत. 6 डिसेंबरला अलीकडे शासन सुट्टी देते, पण ती मुंबई शहर व उपनगरातील शासकीय कार्यालयांपुरती. 14 ऑक्टोबर आणि 1 जानेवारी (भीमा कोरेगाव) राज्याच्या यादीत नाहीत. रजाच टाकावी लागते.

तारीख की तिथी?
14 ऑक्टोबर 1956 रोजी अशोक विजयादशमी होती. नागपूरचा मुख्य सोहळा दसऱ्याला होतो, तर चंद्रपूरचा 15 व 16 ऑक्टोबरला, म्हणजे तारखेने. 2026 मध्ये दसरा 20 ऑक्टोबरला, मंगळवारी आहे. सोमवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. मात्र शनिवारी सुट्टी असेल तरच. त्याच वर्षी बुद्ध पौर्णिमा 1 मे रोजी, महाराष्ट्र दिनीच आल्याने एक सुट्टी कमी होते. 6 डिसेंबरला रविवार आहे.

रेल्वे आरक्षण
1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते. 18 ऑक्टोबरला निघायचे तर 19 ऑगस्टला सकाळी 8 वाजता तयार राहा. परतीचे तिकीटही त्याच आठवड्यात काढा. दुर्गापूजेसाठी बंगालला जाणारे प्रवासीही याच काळात निघतात आणि मुंबई-हावडा मार्गावरील बऱ्याच गाड्या नागपूरवरून जातात. म्हणून नागपूर-गोंदियापर्यंतच्या सेवाग्राम, विदर्भ, दुरांतो या गाड्या आधी पाहाव्यात. रेल्वे विशेष गाड्याही सोडते, पण त्यांची घोषणा उशिरा होते. केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये.

खासगी नोकरीतल्यांचा हक्क
महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. त्यानुसार वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या 4 मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी संमतीने ठरवायच्या. डिसेंबर संपण्याआधी सहकाऱ्यांनी मिळून 14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, दसरा व 6 डिसेंबरची लेखी मागणी द्यावी. मागितले नाही, तर यादी आपल्याविना तयार होते.